जमिनीपासून एक बोट

गुडघे टेक, म्हणते मी.
तेवीस वर्षं या बराकीच्या खोलीत
पोरांशी माझं बोलणं इथूनच सुरू होतं.
उभ्या माणसाचं माप खोटं येतं,
कोणी छाती काढतो, कोणी पोट आत ओढतो.
गुडघ्यावर आला की
आपल्या खऱ्या उंचीचा होतो.
किल्टचा काठ जमिनीपासून
एक बोट सुटला पाहिजे.
एकच.

नवी पोरं लाजतात.
पेझलीचा एक, मिशी फुटावी की नाही अशा वयाचा,
विचारतो, "बाई, आत काय घालायचं?"
"शिस्त," मी म्हणते,
आणि ओठांतल्या टाचण्या सांभाळत हसते.

आठ वार लोकर.
निऱ्या सगळ्या मागे,
आणि प्रत्येक निरीच्या पाठीवर
तीच पिवळी रेघ, नेमकी मधोमध.
एक चुकली तर पंचवीस उसवायच्या.
माणूस चालला की रेघा फुटतात,
आतला गर्द हिरवा डोकावतो;
थांबला की पुन्हा रांगेत.

माझ्या आजोबांच्या गुडघ्यांमागे
आडवे पांढरे वण होते.
खंदकातल्या चिखलाने काठ भिजायचा,
रात्री गोठायचा,
आणि पहाटे चालताना कापायचा, पात्यासारखा.
पदकं त्यांनी कधी दाखवली नाहीत.
वण मात्र उन्हाळ्यात, समुद्रावर,
विजार दुमडली की दिसायचे.

मंगळवारी इसिकेली आला.
फिजीचा. दारातून तिरका होऊन आत.
मी म्हणायच्या आधीच गुडघ्यांवर,
पाठ ताठ, चर्चमध्ये बसावं तसा.
"लाज नाही वाटत?" मी विचारलं.
"कशाची? आमच्याकडे सुलू नेसतात.
वडील सुवाच्या चौकात पोलीस होते,
पांढरी सुलू, काठाला करवतीचे दात.
त्यांनी हात वर केला
की बसगाड्या थांबायच्या."

त्याच्या मापाची एकच किल्ट होती कोठारात.
कमरेच्या पट्टीच्या आत शाईने नावं:
मॅकफेल, खोडलेलं.
ड्यूअर, खोडलेलं.
गिलीस.
ते कोणी खोडलं नव्हतं.

त्याने नावं वाचली, ओठ हलवत.
मॅकफेल निवृत्त झाला, मी सांगितलं,
आता ओबानला होड्या रंगवतो.
ड्यूअरची कंबर सुटली.
मग मी सुईत दोरा ओवू लागले,
आणि तो दोरा, का कोण जाणे,
बराच वेळ ओवलाच जाईना.

तो थांबला. घाई नव्हती त्याला.
मग म्हणाला, "माझं नाव खाली लिहा.
आणि शिलाईत थोडं कापड सोडा, बाई,
माझ्यानंतरचा जाडा असला तर?"

सोडते, म्हटलं. नेहमीच सोडते.
हल नको.
काठ अजून अर्धं बोट खाली आहे.