रकाना सात

भोसरीत शिरलं की आधी कूलंटचा वास येतो,
मग जळक्या रबराचा,
मग चौकातल्या भज्यांचा.
एकोणीस वर्षं मी याच वासांवर गाडी वळवते.
खात्याचं पत्र दाखवलं की वॉचमन खुर्ची देतो,
चहा मात्र धंदा मंदा असेल तर अर्धाच कप येतो.
हा निर्देशांक कुठल्याही अहवालात नाही.

इथं वॉशिंग मशिनचे ड्रम होतात.
टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू, म्हणजे
(सूचनापुस्तिका, पान अकरा)
नेहमीच्या वापरात तीन वर्षांहून जास्त चालणारी.

पहिल्या वर्षी टाइम ऑफिसात
सोपान कुदळ्यांनी मस्टर उघडलं होतं,
लाल पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं,
त्यात दोनशे बारा नावं, एकाच वळणदार हातातली.
रकाना सात : सरासरी रोज हजर कामगार.
मी आकडा लिहीपर्यंत त्यांनी सांगून टाकलं
मुनाफ आताराच्या मुलीचं कुठं जमलंय,
पतपेढीचं कर्ज काढून चिखलीत अर्धा गुंठा कोणी घेतलाय,
आणि प्रेस नंबर चारवर बसणारा
जेवताना डावा हात टेबलाखाली का ठेवतो.

मग फॉर्मला फाटे फुटले.
सात अ, कायम. सात ब, ठेकेदारामार्फत.
कुदळे म्हणाले, ब ची नावं माझ्याकडं नसतात,
ठेकेदार फक्त डोकी पाठवतो.
मग आले सात क :
"हे कामगार नव्हेत मॅडम, शिकाऊ आहेत."
काय शिकतात?
"सकाळी सहाला उठायला,"
कुदळे हसले, आणि मग हसले नाहीत.

यंदा हातात टॅब आहे.
कायम एकतीस, ठेक्यावर एकशे अठरा, शिकाऊ एकशे चार.
बेरीज त्यानंच केली : दोनशे त्रेपन्न.
शेजारी हिरवा बाण उगवला, वर तोंड केलेला.
साहेब खूश होतील. कल चढता आहे.

शॉपमध्ये चक्कर मारायची पद्धत आहे, म्हणून मारली.
वेल्डिंगच्या रोबोटभोवती पिवळी जाळी,
जाळीवर कुणीतरी हार घातलेला, दसऱ्याचा, वाळून कोळ झालेला.
ड्रम उतरवणाऱ्या पोरीनं कानातला बोळा काढला.
"ताई, तुम्ही मागल्या साली चाकणला आलेलात की.
मी तिथं फ्रिजची दारं बसवायचे."
प्रणिता वाघमोडे, जिंतूरची, आयटीआय फिटर.
त्याच्या आधी रांजणगावला, एसीच्या पंख्यांवर.
त्याच्या आधी तळेगाव.
सगळीकडं अकरा महिने, सगळीकडं शिकाऊ.
"दर वेळी तेच शिकवतात, हेल्मेट कसं घालायचं."
मी मनात मागचे फॉर्म चाळले.
चाकणच्या सात क मध्ये ही होती,
रांजणगावच्याही.
मी हिला चार वर्षांत चारदा नवीन धरलंय,
आणि प्रत्येक वेळी बाण वर गेलाय.

"दिवाळीनंतर कुठं?" विचारलं तर म्हणाली,
"तुम्हीच सांगा ना, तुम्हाला सगळ्या कंपन्या ठाऊक."
मग सायरन झाला, तिनं बोळा परत घातला.
मला खरंच सगळ्या कंपन्या ठाऊक आहेत.

निघताना कुदळ्यांनी चहा मागवला,
चांगला काठोकाठ.
टॅबकडं बोट करून म्हणाले,
"ते एकतीस जरा पेन्सिलीनं लिहा.
या महिनाअखेर मी पण सुटतोय."
कपाटात लाल मस्टर होतं अजून,
त्यांनी ते माझ्यासमोर पिशवीत भरलं,
भेळेच्या पुडीवर, छत्रीखाली.
"कंपनीला नकोय. विचारलं मी."

टॅबला पेन्सिल नसते.
मी एकतीस तसेच ठेवून
'सादर करा' दाबलं.
रेंज नव्हती.
गेटपाशी हात उंच करून बराच वेळ उभी राहिले,
दुसरी पाळी माझ्या अंगावरून आत जात होती
आणि मला सवयीनं
मोजणं थांबवता येत नव्हतं.