वांग्याची फिर्याद

यावलच्या बाहेर, फैजपूर रस्त्याला,
केळी पॅकिंगच्या शेडमध्ये आमचं नाटक.
पुठ्ठ्याच्या खोक्यांचं न्यायासन
आणि पिंजऱ्यात उभं एक वांगं :
निर्मलाबाई नेहेते, शिवणक्लासवाल्या,
जांभळ्या साटीनमध्ये चार किलो कापूस भरून,
डोक्यावर हिरवा देठ,
सारखा डाव्या कानावर कलणारा.

फिर्याद अशी :
मले तुरकाठ्यांवर भाजलं, साहेब,
सोललं, बडगीत कुटलं,
अन् वरून म्हने, तिखट कमी पडलं.

लोक आधी हसलेच नाहीत.
पहिल्या रांगेतून भालोदच्या मामांनी विचारलं,
"नाटक कव्हा सुरू होईन?"
मी प्रॉम्प्टर. खोक्यांमागे, मोबाइलच्या उजेडात,
घामानं वही ओली.
वांगं वळून म्हणालं,
"तुम्ही आरोपी नंबर तीन. बसा."
तिथून पुढे शेडचे पत्रे वाजायला लागले.

न्यायाधीश : तोताराम फेगडे.
खऱ्या कोर्टात एकतीस वर्षं बेलिफ.
दारात उभं राहून नावं पुकारली,
आतल्या खुर्चीवर फक्त फडकं मारलं.
तालमीतही अर्धेच टेकायचे,
कुणी येईल आणि ऊठ म्हणेल, असे.

चौथ्या प्रवेशात निकाल.
मी वाक्य दिलं. पुन्हा दिलं.
नाना गप्प.
मग उठले, पुढे आले,
तोंडाशी हाताचा पन्हाळ धरला
आणि वहीत नसलेलं,
जिभेवर घट्टा पडलेलं एक नाव :
"सुपडू गोबा कोळी हाऽऽजिर हो!"

मागे, भज्यांच्या कढईजवळ,
एक माणूस खरंच उठला.
काखेत कापडी पिशवी.
बांधावरच्या निंबाचा दावा, बावीस वर्षं.
सवयीनं टोपी काढली.
"हाव. हाजिर."

हसू अर्ध्या शेडपर्यंत आलं आणि तिथेच बसलं.
वांग्यानं सरकून पिंजऱ्यात जागा दिली.
नाना खुर्चीत बसले, पाठ टेकून.
खोकी करकरली.
"निंब कसा हाये?"
"वायला, साहेब. दोन सालं झाली."
"अन् तो शेजारी?"
"तोबी गेला."

वहीत यापुढचं काही नव्हतं.
मी मोबाइल विझवला.
नानांनी बराच वेळ
केळीच्या खोक्यावरचा छापील शिक्का वाचला,
मग म्हणाले,
"पुढची तारीख नाही."

सुपडू तसाच उभा.
हात जोडावे की नाही, ठरत नव्हतं.
"साहेब, नक्कल कव्हा भेटीन?"

तेव्हा शेड फुटली.
मामा तर खुर्चीवरून घसरले,
निर्मलाबाईंचा कापूस काखेतून बाहेर आला,
सुपडू स्वतःही हसला, थोडा, टोपीआड.
पण हात पुढे केलेला
त्यानं मागे घेतला नाही.

मी वहीचं शेवटचं पान फाडून दिलं.
त्यानं चार घड्या घातल्या, पिशवीत ठेवलं,
स्टँप कितीचा लागेल, ते विचारलं.

शुक्रवारी रावेरला प्रयोग आहे,
आणि आमच्याकडे शेवट नाही.
नाना म्हणतात, नको काळजी करू भो,
पुकारू कोनाले तरी.