जाळी

डेन्मार्कच्या कोळ्यांनी पाठवलेली जाळी
ट्रकमधून उतरवली, तेव्हा त्यांना अजून
खाऱ्या पाण्याचा वास होता.
एका गाठीत माशाचं खवलं अडकलेलं,
वाळून कडक.
ते मी खिशात टाकलं. का, कुणास ठाऊक.

पूर्वी मी गहू कापायच्या यंत्रांचे सांगाडे जोडायचे.
आता रणगाड्यांना पिंजरे.
शेहेचाळीस टन पोलाद, त्यावर
कोंबड्यांच्या खुराड्यासारखी सळयांची वीण,
आणि तिच्यावर हे जाळं.
चालक तिमिश म्हणतो,
"स्तेफा मावशी, बाहेरून बघितलं की हसू येतं.
आत बसल्यावर नाही येत."

बुधवारी एक परत आला.
म्हणजे ओढून आणला.
बुरुजाच्या झाकणाशी भोक, माझी करंगळी जाईल एवढं.
आत मी वाकून पाहिलं नाही.
आधी धुवायचा असतो, मग वेल्डिंग.

असलं भोक पाडणारी यंत्रं
माझा भाचा यारेमा बनवतो, तिकडच्यांसाठी,
तळघरात, स्वयंपाकाच्या टेबलावर,
शेजारी चहा गार होत असतो.
एकाची किंमत म्हाताऱ्या गाईएवढीही नाही.
"मावशी, तुझे हत्ती मेले," म्हणतो.
मेले तर रोज सकाळी
माझ्या दारात पाय मोडून उभे कोण राहतात?

राजधानीतून एक गृहस्थ आले, वही घेऊन.
पुढच्या वीस वर्षांत याचं स्थान काय, विचारलं.
मी मुखवटा वर केला.
स्थान?
सध्या अकेशियाच्या रांगेखाली,
फांद्या पांघरून, इंजिन गार ठेवून.
पूर्वी हा निघाला की गावातली भांडी वाजायची,
आता हाच हवेचा अंदाज विचारतो,
उद्या धुकं आहे का?
रण वर गेलं, आभाळात.
खाली राहिला गाडा.
गृहस्थांनी एवढंच लिहून घेतलं आणि जेवायला गेले.

धुकं चौथ्या दिवशी पडलं, दुधासारखं,
स्वतःचा हात दिसेना.
बिटाच्या तळघरात तीन पोरं अडकली होती, सहा दिवस.
चिलखती गाडीने प्रयत्न केला होता. दोनदा.
तिमिशने कानटोपी घातली,
माझ्याकडून अर्धी भाकरी घेतली,
आणि तो पिंजरा, ते जाळं, ते सगळं धूड
पांढऱ्यात शिरलं.
मग नुसता आवाज. मग तोही नाही.

अकरा वाजता परतला.
मागच्या पत्र्यावर दोघं, ब्लँकेटमध्ये.
तिसऱ्याचं कुणी विचारलं नाही.
जाळ्यात एक अडकलेलं,
चार पंखांचं, त्यातला एक अजून फडफडणारा,
पोटाला बांधलेलं न फुटलेलं मरण.
सुरुंगवाले येईस्तोवर
कुणी हलायचं नाही, शिंकायचं नाही.
मी खिशात हात घालून उभी होते.
खवलं टोचत होतं.

सळया संपत आल्यात.
सोमवारी आणखी चार येणार आहेत.