बैठकीचं टिपण, टार्टू

जुन्या धोबीखान्याच्या तळघरात आम्ही सात जण,
एक फळा, अडीच मार्कर.
बाहेर उणे अकरा. आत भिंतींना अजून साबणाचा वास,
नाहीतर तो आहे असं ठरवून घेतलंय आम्ही.

हिल्लारनं आधी चौकोन काढला. म्हणाला, हा रॅक.
मग राउटर. मग स्विच, चोवीस तोंडांचा,
कुठल्याशा बुडालेल्या कचेरीतून आणलेला,
पंखा असा घोंघावतो की त्याच्या शेजारी उभं राहून
खुशाल गुपितं सांगावीत.
सदस्यांचं जाळं वेगळं, पाहुण्यांची पंगत वेगळी.
लेझर-कटर सोवळ्यात, त्याला बाहेरचा वाराही नको.
आणि तो थ्रीडी प्रिंटर म्हणजे शेंबडं पोर,
जो हाक मारेल त्याच्यामागे जातो,
त्याला कोपऱ्यात एकटा बसवा.

पत्ते किती ठेवायचे, मेरिलीनं विचारलं.
दोनशे चोपन्न.
माणसं तर सव्वीस आहेत.
माणसांना कोण मोजतंय, हिल्लार म्हणाला.

मी टिपण घेत होते.
टिपण नेहमी माझ्याकडेच येतं,
मला डाग द्यायला जमत नाही म्हणून.

मग युता बोलली. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली,
बोटांना अजून तारांचे रंग पाठ.
रात्री तीन वाजता हे बंद पडलं, तर उठणार कोण?

फळ्यावर सगळ्याला जागा होती,
या उत्तराला नव्हती.

विषय बदलावा म्हणून आम्ही मोजदाद काढली,
काय आहे, काय नाही, काय कुणाचं.
मोरीखाली, इस्त्रीच्या लोखंडी यंत्रामागे
एक करडी पेटी सापडली.
निळी तार, वर बोटभर धूळ, चिठ्ठी नाही,
एक हिरवा दिवा मात्र लुकलुकत होता
कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत असल्यासारखा.
कुणाची? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
नाव नाही म्हणजे बेवारस, टाउरी म्हणाला,
आणि प्लग उपटला.

काहीच झालं नाही.
हिल्लारनं फळ्यावर बरोबरची खूणसुद्धा केली.

दहा मिनिटांनी टाउरी सिगरेट ओढायला निघाला
आणि दार उघडेना.

राइवोला फोन लावला. दोन वर्षांपूर्वी हे सगळं सोडून
कुरेस्सारेला गेलेला, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
तो इतका हसला की आम्हाला समुद्र ऐकू आला.
अरे, दाराचं आहे ते! लावा परत.
आधी स्वतःला तपासून घेईल, चाळीसेक मिनिटं.
थांबा.

थांबलो.

युता उठली, बाहीनंच फळा पुसला,
रॅक गेला, चोवीस तोंडं गेली.
सगळ्यात आधी तिनं दार काढलं.
दारापाशी किल्ली, साधी, दात्यांची,
समोरच्या बेकरीत खिळ्याला टांगलेली.
मग रात्री तीनच्या पुढे स्वतःचं नाव, नंबर,
आणि मार्कर पुढे केला.
परवलीचे शब्द दोन लिफाफ्यांत, ती म्हणाली,
आणि लिफाफे अशा दोघांकडे
ज्यांचं एकमेकांशी पटत नाही.
हिल्लार आणि मेरिली, दोघंही जमिनीकडे बघायला लागले.

टाउरी ओठांत न पेटवलेली सिगरेट धरून
चिकटपट्टीचे तुकडे कापत बसला.
पहिला त्यानं करड्या पेटीवर लावला:
बंद करू नका, मी दार आहे.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला कुलूप खटकलं.
लगेच कुणी उठलं नाही.
फळ्यावर सहा नावं झाली होती,
सातव्याला मी शाई झटकून झटकून माझं लिहीत होते.

सर्व्हर कुठला घ्यायचा, ते राहूनच गेलं.
पुढच्या बैठकीत.