पंचनाम्यात न लिहिलेलं

एक्केचाळीस दिवस तो डोंगरात होता.
वाघेऱ्याच्या खाली, हरसूलच्या अलीकडं,
जिथं मोबाइलला रेंज नाही
आणि करवंदीला काटे फार.
पोलिसांनी कुत्रं आणलं, ड्रोन आणलं,
शेवटी मला आणलं:
वनरक्षक, बूट स्वतःच्या पैशाचे.

पहिली चूल सापडली ती एका कपारीत.
वर करवंदीची दाट जाळी,
धूर तिच्यातून गाळून गाळून सोडलेला,
गावातून दिसला तरी धुकंच वाटावं असा.
राख पाल्याखाली पुरलेली.
मी बोट घातलं, आत ऊब होती अजून.
खरं सांगतो,
माझ्या तोंडून 'वा' निघालं.
शेजारी पगार हवालदार उभे.
मी खोकल्यासारखं केलं.

मग दिसतच गेलं.
ओहळात खडकाखडकानं चाललेला, माती टाळून.
आग्या मोहळाच्या बुडाशी झोपलेला,
कारण तिथं कुत्रं येत नाही.
वाळूत कोपरभर खोल झिरा,
भोवती दगड रचलेले, वर पळसाचं पान.
मी ओंजळ भरून प्यालो.
पाणी गोड होतं.
हे पंचनाम्यात लिहिलेलं नाही.

लिहिलंय ते असं:
पिंपळगावच्या कांदाचाळीवरचा राखणदार
काशिनाथ भोये, वय बावन्न,
झोपेत, डोक्यात टॉमी घालून.
रोख अठरा हजार आणि पाण्याची मोटर.
मोटर जड पडली म्हणून
अर्ध्या वाटेत टाकून दिलेली.

नाशकात शालिमारच्या टपरीवर
पोरं त्याचा फोटो फिरवत होती.
'एक्केचाळीस दिवस, भाऊ! खरा बिबट्या!'
मी खाकीत नव्हतो, म्हणून ऐकत बसलो.
म्हणावंसं वाटलं, बिबट्याला रे
कुणी आपल्या हातानं फाटकाची चावी दिलेली नसते,
ये, थंडी आहे, घोंगडीत पड, म्हटलेलं नसतं.
पण चहा संपला.
आणि 'वा' तर माझंही निघालंच होतं.

ठाणापाड्याला जबाबासाठी गेलो.
मथाबाई भोये ओट्यावर
कडूकंदाच्या चकत्या करत बसलेली.
पगारांचं लिहून झालं तेव्हा तिनं मलाच विचारलं,
'खात काय होता तो?'
म्हटलं, कंद. पातळ काप करून
पाटीत घालून रातभर वाहत्या पाण्यात ठेवायचा.
'पाटीवर दगड?'
होते.
'तीन? एक तिरका, पाण्याच्या अंगाला?'
मी बघतच राहिलो.
'मग ते आमच्या ह्यांनी दाखवलंय त्याला.
गेल्या दिवाळीमागं दोघं गेलते रानात.
हे म्हणत, पोरगं हुशार आहे,
एकदा सांगितलं की पुरं.'
विळी परत चालू झाली.
तिच्या चकत्या त्याच्याहून पातळ होत्या.

बेचाळिसाव्या दिवशी तो मिठासाठी उतरला.
रानानं सगळं दिलं, मीठ दिलं नाही.
दुकानदारानं पाच रुपये सुटे मागितले
आणि तो खिसे चाचपत उभा राहिला
तेवढ्यात आम्ही पोचलो.
हात पुढं केले त्यानं. नखं स्वच्छ होती.
माझ्याकडं बघून म्हणाला, 'झिरा तुम्हीच शोधला ना?'
जसं काही मी त्याच्याच शाळेतला.
मी उत्तर दिलं नाही.
मनात मात्र हो म्हटलं, याची लाज वाटते,
कधी वाटते, कधी वाटत नाही.

आता वैशाख आहे.
ओहळ वाळून भाजलेल्या मडक्यासारखा झालाय,
झिरा आहे.
तो बुजवावा, असं दोनदा मनात आलं.
काल गेलो तर कडेला भेकराचे खूर,
मोराचं पाऊल,
आणि कुठल्याशा बाईनं विसरलेली चुंबळ.
दगड एक ढळला होता.
मी गाळ काढला.
दगड परत लावला,
तिरका, पाण्याच्या अंगाला.
कुणाच्या नावानं लावला
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.