हिवाची वाट

पौषात आमच्या बेलकुंडीत
दिवस मावळला की वारा पडतो.
पान हलत नाही. लोक म्हणतात, निवांत झालं.
मी तेव्हाच कानाला रुमाल बांधते,
वरून निघायला तिला अजून तासभर आहे.

कोण निघते ते सांगते.
गाविलगडच्या माथ्यावर दिवसभर तापलेला खडक
रात्री उघड्या आभाळाला सगळी ऊब देऊन टाकतो,
हिशेब न ठेवता.
खडकाला टेकलेली हवा मग गार होते,
गार झाली की जड,
आणि जड हवा डोंगरावर राहत नाही.
ढग असले तर ते ऊब अडवून धरतात,
त्या रात्री कोणी उतरत नाही.
पण चांदण्या मोजता येतील अशी रात्र असली
की ती निघते,
सागाच्या गळल्या पानांवरून, घळीघळीतून,
नाल्याच्या कोरड्या पात्रातून,
पाणी जिथून जातं तिथूनच.
उतरताना जराशी ऊब येते म्हणे तिला.
येत असेल. आमच्या बोटांना नाही कळली.

सुखलाल भिलावेकरचं घर उतारावर, अर्ध्यात.
त्याच्या दारचा आंबा
आमच्यापेक्षा पंधरा दिवस आधी मोहरतो.
विचारलं तर म्हणाला,
"हीव खाली झोपाले जाते, बाई.
आमच्या इथून निस्तं पुढं जाते.
वाटसराले घरात घेता का कोनी?"

आमची संत्र्याची बाग त्याच वाटेवर.
सत्तावीस वर्षं वाटसरू आला आणि गेला.
मग परतवाड्याचा रस्ता उंच केला,
बागेच्या खालच्या अंगाला
दोन पुरुष भराव.
त्या हिवाळ्यात कोवळी नवती काळी पडली,
चहात बुडवून काढल्यासारखी.
कोणी म्हणालं खत, कोणी म्हणालं रोग.
कृषी सहायकाने फवारणी लिहून दिली.

एका रात्री मी वरच्या धुऱ्यावर
गोवऱ्यांचा धूर केला
आणि टॉर्च घेऊन त्याच्या मागे मागे गेले.
गुडघ्याएवढा धूर, सरपटत,
झाडाझाडांमधून, पायाखालची वाट असल्यासारखा,
भरावापाशी येऊन थांबला.
मागचा आला, तोही थांबला.
बाजाराच्या दिवशी फाटकात गुरं तुंबावीत तसा
तुंबत, चढत, माझ्या छातीपर्यंत आला.
नवती बरोबर तिथपर्यंत जळली होती.

भरावात मोरी होती, पाण्यासाठी.
तिच्यात घाणेरी माजलेली, बोरीचे काटे, फाटकी पोती.
साहेबांकडे गेले.
"पाणी तुंबते का?"
"नाही."
"मग काय तुंबते?"
"हीव," म्हणाले,
तर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मी आणि पुतण्या धीरज,
दोन विळे, दोन दिवस.
तिसऱ्या रात्री पुन्हा धूर.
मोरीच्या तोंडाशी तो जरा घुटमळला,
वाकला, आत गेला.
धीरजने शिट्टी मारली.

मी रस्ता ओलांडून पलीकडे पाहायला गेले.
पलीकडे इंदू चौधरीचा हरभरा,
फुलावर आलेला, खोलगटात.
धूर तिथे उतरला,
पसरला,
बसला.

सकाळी इंदू तिच्या बांधावर उभी.
फुलांवर पांढरं दहिवर.
एक फूल तिने चिमटीत धरलं, ते चुरलं.
"औंदा हीव लय हाये, नाई वो?"
विळा माझ्या हातातच होता.
मी तो आधी मागे धरला, मग पुढे.
म्हटलं, उतार सापनपर्यंत आहे,
मध्ये तुझं काट्याचं कुंपण,
ते दोन हात जरी मोकळं केलं...

सगळं सांगितलं. मोरीचंही.
ती बराच वेळ बोलली नाही.
मग कुंपणाकडे पाहत म्हणाली,
"तेच्या पलीकडं कोनाचं वावर हाये?"

ते मला माहीत नव्हतं.
रात्री दोघींनी मिळून गोवऱ्या पेटवल्या.