डबीतला चुना

नवतप्याचा तिसरा दिवस.
पॉलीहाऊसच्या मधल्या खांबाला टांगलेला काटा
अकरालाच एकेचाळीसवर.
बाहेर शेळ्यांनी बाभळीखालची जागा
भांडण न करता वाटून घेतलेली.

ढोबळी मिरचीला बोलता येत नाही,
ती फूल टाकते.
सकाळीच झाडलेल्या वाटेवर
पांढरी, देठासकट, अजून ताजी फुलं.
मी मोजत होते; चौऱ्याऐंशीनंतर सोडून दिलं.
ज्या फळांना पान पुरलं नाही
त्यांच्या खांद्यावर फिकट चट्टा,
तव्याला टेकलेल्या मनगटावर उठतो तसा.

शेडनेट ओढलेली होती. पन्नास टक्के.
दुकानदार म्हणाला होता, ताई, निम्मं ऊन बाहेर.
उरलेलं निम्मं कुणी सोसायचं
ते त्याच्या पावतीवर नव्हतं.

साडेबाराला लाईन गेली.
फॉगर एकदा खोकले,
मग थेंब, मग थेंबही नाही.
विनायक परतवाड्याला, नोझल आणायला.
मी बाजूचे पडदे वर गुंडाळत गेले,
हँडल इतकं तापलेलं की पदर धरून फिरवलं,
पण बाहेरचा वारा आत आला तो
वीटभट्टीवरून आल्यासारखा
आणि परत जाईना.
काटा सेहेचाळीस.

तेव्हा मामंजी आले.
गुणवंतराव येऊल, वय एकोणऐंशी,
डोक्यावर ओला दुपट्टा.
चार वर्षांत या प्लास्टिकच्या आत
त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं.
हे जिथे उभं आहे तिथे त्यांचा पानमळा होता:
शेवरीच्या रांगा, मधे पांगरे,
आणि कपुरी वेल, इतक्या हिरव्या अंधारात
की चप्पल बाहेर काढूनच शिरायचं.

काट्याकडे पाहिलंच नाही त्यांनी.
मिरचीचं एक पान तोडलं,
मिटल्या डोळ्यावर ठेवलं, थोडा वेळ.
"उनाले अडवाचं नसते, सूनबाई.
गाळाचं असते.
चुना कुठी हाय?"

गोठ्यामागच्या ड्रमात होता, भिंतींसाठी विरवलेला.
पाणी घालत गेले, ढवळत गेले.
मधूनमधून हात बुडवून बाहेर काढायचे:
"दाट नको. तळहाताच्या रेघा दिसल्या पाह्यजेत."
फडक्यातून दोनदा गाळून
पाठीवरच्या पंपात भरला.
शिडीवर मी चढले. ते खालून,
काठीने आभाळ दाखवल्यासारखं:
"मावळतीकडून धर. दुपारचं तिकडूनच चावते.
थितं नको, थितं सकाळचं येऊ दे,
झाडानं काय उपाशी राहावं काय?"

छतावर चुना पडताच वाळायचा,
चर्र आवाज यायचा की मला भास व्हायचा, कोण जाणे.
अडीच पंप झाले. ड्रम खरवडला.
कोपऱ्यातली दोन हात जागा उरली.
मी वरून म्हटलं, संपला.
त्यांनी कनवटीची पितळी डबी काढली,
नखाने कोरून सगळी बादलीत झटकली,
वर तांब्याभर पाणी.
माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे घे."

आत उतरले तर उजेड बदललेला,
ताकाच्या निवळीसारखा.
तासाभराने काटा बेचाळीस.
पडलेली फुलं पडलेलीच,
चट्टे चट्टेच.
पण शेंड्याची पानं, द्रोणासारखी मिटलेली,
कडेकडेने उलगडायला लागली होती.
"शेवरी असती तर अडतीस दाखवला असता तुमच्या घड्याळानं,"
मामंजी म्हणाले, आणि तरीही
रांगेच्या टोकापर्यंत जाऊन आले,
चप्पल दाराशी काढून.

संध्याकाळी विनायक नोझल घेऊन आला,
लाईन त्याच्याआधी आली होती.
छताकडे बघत राहिला. "हे कोणी केलं?"
मामंजी खाटेवर.
विहिरीच्या कठड्याला जगवलेल्या एकुलत्या वेलीचं
पान पुसून गुडघ्यावर पसरलेलं,
डबीत बोट फिरवतायत, पुन्हा फिरवतायत.
"सूनबाई, चुना?"

मी काही बोलले नाही.
फक्त वर बघितलं.
त्यांनीही बघितलं,
मग कोरडंच पान दुमडून
गालात ठेवलं.